बोर्ड गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

बंद पडलेल्या लॅपटॉपसाठी सर्व्हिस सेंटरने हातात ठेवलेल्या एस्टिमेटवर कामाची एकच ओळ होती. मदरबोर्ड बदलणे, २७,४०० रुपये, जीएसटी धरून. त्याखाली बारीक टायपात अटी: पार्ट यायला दहा ते पंधरा दिवस, डेटाची जबाबदारी ग्राहकाची, तपासणीचे पैसे परत मिळणार नाहीत. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. "मॅडम, वॉरंटी कधीच संपलीय. यात अजून थोडे घातले की नवाच येतो," असं तो मनापासून सांगत होता.

मी विचारलं, बोर्डवरचं नेमकं काय गेलंय? तो म्हणाला, बोर्डच गेलाय.

त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तिथली पद्धतच ती आहे. बिघाड कुठल्या भागात आहे ते ठरवायचं आणि तो अख्खा भाग बदलायचा. बोर्डवर शेकडो बारीक भाग असतात, त्यातला कुठला बिघडला हे शोधायची तिथे सोयही नसते आणि वेळही. पण मला ठरवायचं होतं दुरुस्ती की नवा, आणि "बोर्ड गेला" एवढ्या उत्तरावर ते ठरत नव्हतं.

लॅपटॉप २०२०च्या दिवाळीत घेतलेला. इंटेलचा दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, डेटा साठवायला ५१२ जीबीचा एसएसडी. मी पुण्यात घरून अक्षरजुळणी आणि पुस्तकांची मांडणी करते. ऑगस्ट ते ऑक्टोबर हे दिवाळी अंकांचे महिने, वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा त्यातच येतो. २०२५ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती, म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे अंक छापखान्यात जायला हवा होता. आणि अनंत चतुर्दशी होऊन गणपतीसाठी बंद केलेले रस्ते खुले होतात न होतात तोच लॅपटॉपने मान टाकली. आदल्या रात्री नेहमीसारखा बंद केला होता. सकाळी बटण दाबलं तर काहीच नाही. पंखा फिरला नाही, दिवा लागला नाही.

घरच्या घरी जे करता येतं ते केलं. चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॅटचा दुसरा चार्जर शेजाऱ्यांकडून आणून लावून पाहिला. यात एक गोष्ट नजरेला आली. चार्जर भिंतीत लावला की त्याच्यावरचा दिवा लागायचा, आणि पिन लॅपटॉपमध्ये खोचली की विझायचा. दोन्ही चार्जरचं तेच. मी ते वहीत टिपून ठेवलं. सर्व्हिस सेंटरमध्येही सांगितलं होतं, पण त्यांच्या कागदावर तक्रारीच्या रकान्यात फक्त "नो पॉवर" आलं.

आता आधी डेटाचं सांगते, कारण दुरुस्ती की नवा या प्रश्नात माझी सगळी घाई डेटामुळे होती. आठवड्याला एकदा मी सगळं काम बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवते, त्यामुळे बहुतेक काम हाताशी होतं. अडकली होती ती मधल्या दिवसांची पानं: एका अंकाचे दोन फॉर्म (छपाईसाठीचे पानांचे गट) आणि एका कादंबरीची दुसरी प्रुफं लावलेली फाइल. ती पानं आत बंद असताना मी शांतपणे काही ठरवू शकले नसते. कोणी "उद्या चालू करून देतो, पंधरा हजार द्या" म्हणालं असतं तरी दिले असते.

लॅपटॉप सुरू होत नाही म्हणजे डेटा गेला असं नाही, हे नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका मुलाने सांगितलं. खालचं झाकण उघडलं की एम-डॉट-टू एसएसडी एका स्क्रूवर बसवलेला दिसतो. तो काढायचा, यूएसबीच्या केसिंगमध्ये घालायचा आणि दुसऱ्या मशिनला पेन ड्राइव्हसारखा जोडायचा. केसिंग हजार रुपयांच्या आसपास मिळालं. घेताना एसएसडी एनव्हीएमई आहे की साटा, हे बघून घ्यावं लागतं, जोडणीच्या या दोन्ही प्रकारांची केसिंग सारखी नसतात. झाकण उघडायचं कसं, यासाठी कंपनीचंच सर्व्हिस मॅन्युअल मिळालं. डेल, एचपी, लेनोवो या कंपन्यांची बहुतेक मॉडेलांची मॅन्युअल त्यांच्या वेबसाइटवर फुकट असतात आणि त्यात कुठला स्क्रू कुठे, कुठली रॅम काढता येते, कुठली बोर्डवरच सोल्डर केलेली आहे, हे सगळं चित्रांसह असतं. मला वाटतं लॅपटॉप विकत घ्यायच्या आधीच ही पीडीएफ चाळावी. जाहिरातीत न दिसणाऱ्या गोष्टी तिथे दिसतात.

ड्राइव्ह माझ्या मुलाच्या लॅपटॉपला जोडला तर त्याने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय, आधीपासूनच चालू असतं. आपण ते कधी लावलं हे आपल्याला आठवत नाही, कारण आपण लावलेलंच नसतं. सुदैवाने ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने आपण लॉगिन करतो त्यातच ही की साठवलेली असते. फोनवरून खातं उघडलं, रिकव्हरी की सापडली, ४८ आकडे घातले आणि फोल्डर दिसू लागली. ज्यांचा लॅपटॉप आज धडधाकट आहे त्यांनी ही की आजच कागदावर उतरवून कपाटात ठेवावी. बोर्ड बदलला तरी ती लागते, कारण एन्क्रिप्शनची किल्ली बोर्डवरच्या सुरक्षा चिपशी बांधलेली असते आणि नव्या बोर्डला ती ओळखत नाही.

त्या रात्री अडकलेली पानं मुलाच्या लॅपटॉपवर आली आणि अंकाचं काम पुढे सरकलं. त्याला कॉलेजसाठी दिवसा मशिन लागायचं, मी रात्री बसायचे. गैरसोयीचं होतं, पण महिनाभर निभावण्यासारखं होतं. मुख्य म्हणजे आता प्रश्न फक्त यंत्राचा उरला.

सल्ले पुष्कळ आले आणि बहुतेक "नवा घे" असेच होते. कारणं मात्र वेगवेगळी. भावाचं म्हणणं, ऑक्टोबरात विंडोज १० बंद होतंय, जुनी मशिनं आता कुचकामी. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवायचं जाहीर केलं होतं हे खरंच. पण विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. माझा दहाव्या पिढीचा, आणि मी आधीच ११वर गेले होते. ती तारीख माझ्या लॅपटॉपला लागूच नव्हती.

सासूबाई म्हणाल्या, पितृपक्षात नवी वस्तू नको, दसऱ्याला घे. याला एक व्यवहारी बाजूही होती. ऑनलाइन सेल नवरात्राच्या तोंडावर लागणार होते. आणि २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलणार होते, त्यामुळे जो भेटेल तो म्हणत होता, थांब, सगळं स्वस्त होतंय. मी दरांची यादी काढून पाहिली. एसी आणि ३२ इंचांहून मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येणार होते. लॅपटॉप आधीपासूनच १८ टक्क्यांत होते आणि तिथेच राहणार होते. माझी उलाढाल जीएसटीच्या मर्यादेखालची, त्यामुळे भरलेले ते १८ टक्के मला परतही मिळत नाहीत. थांबून फायदा झाला असता तो फक्त सेलच्या सवलतीचा.

नव्याचा हिशोब केला. मांडणीच्या कामाला १६ जीबी रॅम आणि रंग बऱ्यापैकी खरे दाखवणारा डिस्प्ले हवा. पाहिलेल्या मॉडेलांमधलं मला पटलेलं यंत्र सवलत धरून ६२ हजारांच्या घरात जात होतं. असा लॅपटॉप मी सहा वर्षं वापरेन असं धरलं, म्हणजे वर्षाला साधारण दहा हजार. हा आकडा मला पुढे फार उपयोगी पडला. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर नवा घ्या, असा एक ठोकताळा लोक सांगतात. तो मला अपुरा वाटतो, कारण दुरुस्तीने किती वर्षं मिळणार हे त्यात येत नाही. मी उलटा विचार केला. वर्षाला दहा हजार हा माझा दर असेल, तर सर्व्हिस सेंटरच्या २७,४०० रुपयांत मला जवळजवळ पावणेतीन वर्षं मिळायला हवीत. बोर्ड नवा येईल, पण बॅटरी, डिस्प्ले, कीबोर्ड, बिजागऱ्या सगळं पाच वर्षांचंच राहील. त्यावर पावणेतीन वर्षांची खात्री कोणी देत नव्हतं. बदललेल्या बोर्डवर वॉरंटी होती ती तीन महिन्यांची. म्हणजे सर्व्हिस सेंटरचा पर्याय बाद.

त्याच दराने माझी वरची मर्यादा ठरली. दीड वर्ष नक्की मिळेल असं वाटलं तर पंधरा हजारांपर्यंत खर्च करायचा, त्यापलीकडे एक रुपयाही नाही. हा आकडा मी दुकानात जायच्या आधी ठरवला. एकदा लॅपटॉप उघडून टेबलावर पडला की "एवढं केलंच आहे तर हेही करून घ्या" याला अंत राहत नाही.

नव्याकडे जायला मन तयार नव्हतं याचं आणखी एक कारण होतं आणि ते माझ्या धंद्यातल्यांना लगेच कळेल. माझ्याकडे वीसेक वर्षांच्या जुन्या फाइली आहेत, पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधल्या, जुन्या फॉन्टमधल्या. अॅडोबीने पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली काढली. मराठी पुस्तकांच्या धंद्यात मात्र त्या फाइली अजून जिवंत आहेत, कारण पुस्तकाची नवी आवृत्ती निघते तेव्हा प्रकाशक तीच फाइल मागतो. या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं आतून इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट नसेल तर सगळं पान अर्थहीन चिन्हांनी भरतं. ते फॉन्ट, ते सॉफ्टवेअर, त्याचं लायसन्स, माझा कीबोर्डचा नकाशा हे सगळं या मशिनवर एकमेकांशी जुळवून बसलेलं आहे. नव्या मशिनवर ते लावून घ्यायचं म्हणजे कित्येक दिवसांचं काम, आणि तेही दिवाळी अंकांच्या ऐन हंगामात. दुकानदाराच्या ६२ हजारांत हा खर्च दिसत नाही. माझ्या हिशोबात तो सर्वांत मोठा होता.

चिप-लेव्हल काम करणारे, म्हणजे बोर्डवरचा नेमका बिघडलेला भाग शोधून दुरुस्त करणारे लोक शोधताना एक फरक पटकन कळला. बऱ्याच दुकानांवर "चिप-लेव्हल रिपेअर" अशी पाटी असते, पण लॅपटॉप आत कुठेतरी पाठवला जातो. एका ठिकाणी तर न उघडताच "आयसी गेलाय, आठ-नऊ हजार होतील" असं सांगितलं. मी नमस्कार करून बाहेर पडले. शेवटी एका प्रकाशकांच्या ऑफिसमधून टिळक रोडच्या एका गल्लीतला पत्ता मिळाला. पहिल्या मजल्यावर छोटीशी खोली, एका टेबलावर मायक्रोस्कोप, हॉट एअरचं मशिन, डीसी पॉवर सप्लाय, आणि भिंतीलगत उघडे बोर्ड रचून ठेवलेले.

"काय होतंय ताई?" टेबलामागच्या कारागिरांनी विचारलं.

मी वही काढून वाचून दाखवलं. दिव्याचं सांगताच त्यांनी मान वर केली. "पिन लावली की चार्जरचा दिवा विझतो? नक्की?"

"दोन चार्जर लावून पाहिले दादा. दोन्हींचं तेच."

"मग चार्जर बरोबर काम करतोय. आत कुठेतरी लाइन शॉर्ट आहे, म्हणून तो स्वतःला बंद करून घेतोय. उघडून बघायचे पाचशे. काम केलं तर त्यातच धरतो. कपॅसिटर किंवा मॉसफेट असला एखादा बारीक भाग निघाला तर साडेतीन हजारांत होईल. प्रोसेसरच्या बाजूला शॉर्ट असेल तर मीच सांगेन, पैसे घालू नका."

एवढं ऐकल्यावर मी लॅपटॉप त्यांच्या ताब्यात दिला. काय मोजणार, त्यातून काय निघू शकतं, कुठे थांबणार, आणि न जमल्यास किती पैसे द्यायचे, हे चारही त्यांनी आधी सांगितलं होतं. पावतीवर रॅम आणि एसएसडीचे सिरियल नंबर त्यांनी स्वतःहून लिहिले. एसएसडी मी घरीच ठेवला होता, त्याच्यापुढे "नाही" असं लिहिलं. मी बसून बघू का विचारलं तर म्हणाले, बसा की.

पुढचा अर्धा-पाऊण तास मी जे पाहिलं ते मला अजून लख्ख आठवतं. बोर्ड बाहेर काढून त्यांनी चार्जरऐवजी पॉवर सप्लाय जोडला. व्होल्टेजचा आकडा खाली कोसळला आणि करंट त्यांनी लावून ठेवलेल्या मर्यादेला जाऊन टेकला. मग मल्टिमीटरचं एक टोक ग्राउंडला आणि दुसरं मुख्य लाइनवर. रेझिस्टन्स जवळजवळ शून्य. "हा बघा शॉर्ट." पण त्या लाइनवर बरेच कपॅसिटर एकमेकांना समांतर जोडलेले असतात, त्यामुळे मीटरला सगळेच शॉर्ट दिसतात. त्यातला खरा गुन्हेगार कुठला हे त्यांनी ज्या पद्धतीने शोधलं ती साधी आणि फार सुंदर आहे. त्यांनी पॉवर सप्लाय एक व्होल्टवर आणला, म्हणजे बाकीच्या भागांना इजा होणार नाही. बोर्डवर ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरलं आणि करंट सोडला. सगळा करंट शॉर्ट झालेल्या भागातून जातो, तो भाग तापतो, आणि तिथलं अल्कोहोल सर्वांत आधी उडतं. सगळा बोर्ड ओला चमकत असताना एका कोपऱ्यात एक ठिपका बघता बघता कोरडा पडला. तिथे तिळाएवढा एक सिरॅमिक कपॅसिटर होता.

तो हॉट एअरने काढला. पुन्हा मीटर लावला, शॉर्ट नाहीसा. एका जुन्या बोर्डवरून तेवढ्याच क्षमतेचा कपॅसिटर काढून तिथे लावला, पॉवर सप्लाय पूर्ण व्होल्टेजवर नेला, बटण दाबलं. करंटचा आकडा वरखाली होऊ लागला. ते म्हणाले, असा हलायला लागला म्हणजे मशिन उठतंय. आणि पंखा फिरला.

२७,४०० रुपयांच्या ओळीमागे काही पैशांचा किंवा फार तर रुपया-दोन रुपयांचा एक भाग होता. साडेतीन हजार मी त्या भागाचे दिले नाहीत. तो शोधून काढायच्या कौशल्याचे दिले, आणि आनंदाने दिले.

"परत तसंच होईल का?" मी विचारलं. त्यांचं उत्तर प्रामाणिक होतं. "हा कपॅसिटर परत जाणार नाही. दुसरा जाईल की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. गंज नाही, पाणी गेलेलं नाही, आधी कोणी हात लावलेला नाही. पाण्याचा बोर्ड असता तर मी तुम्हाला नवाच घ्या म्हटलं असतं." सांडलेल्या पाण्याने किंवा चहाने बिघडलेला बोर्ड एकदा चालू झाला तरी आत गंज पसरत राहतो, म्हणून तशा कामाची ते हमी देत नाहीत. माझ्या कामाला त्यांनी तीन महिन्यांची दिली. म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या नव्या बोर्डइतकीच.

पण उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली होती. बॅटरी फुगायला लागली होती. टचपॅड कडेने किंचित वर आल्यासारखं गेले काही महिने वाटत होतं, त्याचं कारण हे. लिथियम-आयन बॅटरी म्हातारी होते तेव्हा आतल्या रसायनाचं विघटन होऊन गॅस तयार होतो आणि पाकीट फुगतं. उष्णता आणि सतत १०० टक्के चार्जवर राहणं या दोन गोष्टी ते लवकर घडवतात. टेबलावर दिवसभर चार्जर लावून काम करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या बॅटऱ्या म्हणूनच न वापरता मरतात. फुगलेली बॅटरी आणखी काही महिने चालवू, हा पर्याय नाही. टोचली किंवा दाबली गेली तर ती पेटू शकते. बाजारात बॅटरीचे बरेच प्रकार आहेत: कंपनीची ओरिजिनल, दुसऱ्या कोणी बनवलेली पण त्यात बसणारी कंपॅटिबल, आणि जुन्या मशिनमधून काढलेली. तिसरी मी नकोच म्हटलं. पाच वर्षं जुन्या मॉडेलची ओरिजिनल म्हणून जी मिळते ती गोदामात किती काळ पडून होती हे पाहावं लागतं, कारण पडून राहूनही बॅटरी झिजते. आम्ही अलीकडच्या तारखेची, सहा महिने वॉरंटीची कंपॅटिबल घेतली, ३,६०० रुपयांना. आता बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावून ठेवली आहे. हा पर्याय तिथे आधीपासून होता. जुनी बॅटरी त्यांनी रिसायकलरकडे द्यायच्या डब्यात ठेवली. ती घरच्या कचऱ्यात टाकायची नसते, पालिकेच्या घंटागाडीतही नाही.

साडेतीन हजार आणि ३,६००, मिळून ७,१०० झाले. मॅन्युअलमध्ये पाहिलं होतं की ४ जीबी रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली आहे आणि ४ जीबीची पट्टी स्लॉटमध्ये आहे. ती काढून ८ जीबीची घातली, २,२०० रुपये, म्हणजे रॅम एकूण १२ जीबी. पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलणं त्यांनी कामातच धरलं. सगळं मिळून ९,३०० रुपये, केसिंग धरलं तर दहा हजार आणि वर थोडे. पंधराची मर्यादा गाठली नाही. रॅम तेव्हाच घातली याचं पुढे बरं वाटलं. एआयच्या डेटा सेंटरांकडून मेमरीला मागणी इतकी वाढली की २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढतच गेले.

मी दुरुस्तीच्याच बाजूची आहे असं मात्र नाही. त्याच महिन्यात जाऊबाईंचा लॅपटॉप माझ्याकडे आला, तूच सांग काय करू ते म्हणून. २०१७चा, सातव्या पिढीचा, ४ जीबी रॅम, तीही सगळी सोल्डर केलेली, स्लॉटच नाही. जुनी फिरणारी हार्ड डिस्क, बिजागरीपाशी प्लास्टिक फुटलेलं, आणि कीबोर्डवर चहा सांडलेला. विंडोज ११ त्यावर जात नव्हतं. विंडोज १०ला नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट मिळणार होती, पण त्या एका वर्षासाठी बिजागरी, कीबोर्ड आणि एसएसडीचा खर्च करून हाती उरलं असतं ते चार जीबीचं, चहा प्यायलेलं मशिन. मी त्यांना दसऱ्याला नवा घ्यायला लावला, आणि घेताना रॅमला रिकामा स्लॉट आहे का हे मॅन्युअलमध्ये बघूनच. जुन्याची हार्ड डिस्क काढून फोटो उतरवून घेतले, बाकीचं यंत्र ई-कचरा संकलनात दिलं.

या सगळ्यात मला एक गोष्ट मनापासून खटकली ती अशी, की जी माहिती मला धडपडून मिळवावी लागली ती विकत घेतानाच समोर असायला हवी. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी त्याच्या दुरुस्तीयोग्यतेला दहापैकी किती गुण हा आकडा छापावा लागतो. सुटे भाग मिळतात का, किती महाग, उघडायला सोपं आहे का, यावर तो ठरतो. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२च्या डिसेंबरात राष्ट्रीय ग्राहक दिनी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, आणि २०२५च्या मे महिन्यात दुरुस्ती निर्देशांकाबद्दलचा अहवालही एका समितीने दिला. तो आकडा दुकानातल्या पाटीवर यायला हवा. रॅम सोल्डर केलेली आहे की नाही हे ६२ हजार मोजणाऱ्याला प्रोसेसरच्या नावाइतकंच ठळक दिसलं पाहिजे. लॅपटॉपच्या सगळ्या आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. त्यामुळे एक कपॅसिटर गेला म्हणून अख्खं यंत्र टाकणं मला नुसतं पैशांच्या हिशोबानेही पटत नाही आणि त्यापलीकडेही पटत नाही.

अंक वेळेवर छापखान्यात गेला. आवाज कमी झालाय, दोन मोठ्या फाइली एकदम उघडल्या तरी मशिन अडखळत नाही, आणि तीन महिन्यांची हमी कधीच उलटून गेली. महिन्याला हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकते आहे, नव्यासाठी. कुठल्या बिघाडाला हात लावायचा नाही हेही आत्ताच ठरवून ठेवलंय: डिस्प्ले गेला तर दुरुस्त करणार नाही, प्रोसेसरच्या बाजूचं काही निघालं तर नाही, आणि याच बोर्डवर दुसरा शॉर्ट आला तर उघडायचे पाचशे देऊन कारण तेवढं समजून घेईन, पुढे जाणार नाही.

मधल्या मोकळ्या दिवसांत जुन्या पेजमेकरच्या फाइली यूनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणायचं काम घेतलंय. कन्व्हर्टर मजकूर आणतो, पण रफार आणि जोडाक्षरं जागोजागी सरकतात, त्यामुळे प्रत्येक पान नव्याने वाचावं लागतं. ज्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघायची शक्यता आहे ती आधी घेतली आहेत. कवितासंग्रह सोपे जातात, शब्दकोशाला हात लावायचं धाडस अजून झालेलं नाही.